माजी सैनिक आणि आपत्तीतील लोकसेवा : आरे परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत रणांगणावर देह ठेवणाऱ्या वीरांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी प्राण वेचले त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नव्हे. परंतु जो शिपाई जिवंत घरी परतला, ज्याने गणवेश घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि पुढील तीस वर्षे गिरणीच्या फाटकावर, बँकेच्या पहाऱ्यावर अथवा गावच्या शेतावर काढली, त्याच्या अंगी असलेल्या विद्येचे समाजाने काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करू इच्छितो. निमित्त आरे वसाहतीचे आहे. आपल्या ज्ञातीची कित्येक कुटुंबे आरे, गोरेगाव, मरोळ, पवई व भांडुप ह्या पट्ट्यात राहतात, आणि पाणी व डोंगर ह्यांच्याशी त्यांचा संबंध किती निकटचा आहे हे २००५ च्या जुलै महिन्यात सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आरे हे नाव घेताच मुंबईकरास दुधाची बाटली आठवते. शहरातील म्हशींचे तबेले वस्तीबाहेर हलवावेत व मुंबईस निर्भेळ दूध मिळावे ह्या हेतूने १९४९ मध्ये ही दुग्धवसाहत उभारण्यास प्रारंभ झाला आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ह्या कार्याचे प्रवर्तक दारा खुरोडी ह्यांस १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले, हेही वाचकांस विदित असेल. परंतु दुधाच्या आधी येथे पाणी होते. ह्या डोंगरांच्या कुशीत १८६० साली विहार तलाव पूर्ण झाला, १८७९ साली तुळशी आणि १८९० च्या सुमारास पवई. विहार व पवई ह्यांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहत जाऊन माहीमच्या खाडीस मिळते. ओशिवरा नदीही आरेच्याच डोंगरात उगम पावून गोरेगावातून मालाडच्या खाडीकडे जाते. म्हणजे आरे हे केवळ वनराईचे ठिकाण नसून उपनगराच्या पाण्याचे माथे आहे. माथ्यावर जे पडते ते पायथ्यास पोहोचावयास वेळ लागत नाही. येथील आदिवासी पाड्यांतील वारली, कोकणा व मल्हार कोळी बांधवांस हे ज्ञान परंपरेने आहे. मागाहून येऊन नाल्याकाठी व उतारावर घरे बांधणाऱ्या आपल्यासारख्यांस ते ठेच लागल्यावर आले.

ती ठेच म्हणजे २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच वेळी कुलाब्यास जेमतेम सात सेंटिमीटर पाऊस होता. दक्षिण मुंबईत कचेऱ्या चालू होत्या आणि उपनगरांत माणसे छातीभर पाण्यात उभी होती. विहार तलाव भरून वाहिला, मिठीने पात्र सोडले, त्यातच समुद्रास भरती आली, आणि कुर्ला, कालिना, सांताक्रूझ हा सारा भाग पाण्याखाली गेला. साकीनाक्याच्या बाजूस दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. राज्यातील मृतांचा आकडा हजाराच्या घरात गेला. त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते ह्या गावांवर दरडी कोसळल्या. मुंबईत पाण्यात अडकलेल्या आपल्या कित्येक बांधवांस आपले गाव डोंगराखाली गेल्याची वार्ता तिसऱ्या दिवशी कळली, कारण दूरध्वनी बंद होते व रस्ते खचले होते. पुढे शासनाने माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि मिठीच्या पात्राची रुंदी, अतिक्रमणे व पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ह्यांविषयी पुष्कळ ऊहापोह झाला. तो आवश्यकच होता. परंतु आमच्या मते त्या दिवसाने शिकविलेला एक धडा कोणत्याही अहवालाच्या आधी ध्यानी घ्यावयास हवा. तो असा की, आपत्तीच्या पहिल्या सहा तासांत शासन येत नाही, येऊ शकत नाही. रस्ता बुडालेला असतो, तार तुटलेली असते, आणि ज्याने मदत करावयाची तोही कोठेतरी पाण्यातच अडकलेला असतो. त्या सहा तासांत शेजारी हाच शेजाऱ्याचा त्राता.

आता शेजाऱ्यांमध्ये असा कोण असतो की, ज्यास भीती आवरण्याचे, दोर बांधण्याचे, जखमी उचलण्याचे आणि चार माणसांस एका शब्दाने कामास लावण्याचे शिक्षण मिळालेले आहे? आपल्या महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक गावी व बहुतेक चाळीत एकच आहे : सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ह्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि तेव्हापासून ते ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे व कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी ह्या गावांच्या नावांतच फौज आहे. कोकण, देश व घाटमाथा ह्यांवरील असे गाव विरळा, जेथे पेन्शनीत आलेला एखादा हवालदार अथवा सुभेदार नाही. आपली ज्ञाती ह्यास अपवाद नाही.

सैनिकी शिक्षण म्हणजे केवळ मारण्याचे शिक्षण, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. तो निराधार आहे, हे दाखविण्यास एकच उदाहरण पुरेसे आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत कंपनीचे निरोपे होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि बहुतेक सारे पडले. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या धक्क्यावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी नेले, आणि त्यानंतरच ते शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी माणसे वाचविली, मागाहून मशीनगनचा समाचार घेतला. पाणी, निसरडा काठ, खांद्यावर जखमी आणि पायाखाली न दिसणारा धोका, ही चारही संकटे मिठीच्या किंवा सावित्रीच्या पुरातही जशीच्या तशी असतात. शत्रू तेवढा नसतो.

तथापि केवळ शौर्याने आपत्तीशी सामना होत नाही, हे सांगणारी एक घटना त्याच महायुद्धाच्या काळात मुंबईच्या दारात घडली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कापसाच्या गासड्याही होत्या. दुपारी कापसास आग लागल्याचे लक्षात आले. स्फोटके असल्याची खूण म्हणून फडकवावयाचा लाल बावटा जहाजावर नव्हता. जहाज बुडवावे, की गोदीबाहेर ओढून न्यावे, की आहे तेथेच आग विझवावी, ह्याचा निर्णय कोणी द्यावयाचा हेच ठरेना. कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे जाणकार व अग्निशामक दलाचे प्रमुख सारे तेथे हजर होते, परंतु सर्वांवर हुकूम चालेल असा एकही नव्हता. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. शेकडो नागरिक व कामगार मेले. हजारो बेघर झाले. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्या धक्क्याची नोंद झाली. सैनिक, खलाशी व हवाई हल्ल्यापासून संरक्षणासाठी नेमलेले नागरी स्वयंसेवक त्या आगीत उतरले. ह्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ह्या घटनेचे तात्पर्य काय? धैर्यास तेथे तोटा नव्हता. त्या सहासष्टांपैकी कोणीही पाठ दाखविली नाही. तोटा होता तो आज्ञेच्या साखळीचा. संकटात कोण बोलणार आणि कोण ऐकणार, हे आधी ठरलेले नसेल तर धैर्यवान माणसेच सर्वांत आधी बळी पडतात.

आमच्या मते माजी सैनिकाची समाजास खरी देणगी हीच आहे. त्याचे धैर्य तर आहेच, पण धैर्य आपल्या कोळ्यांत, आदिवासींत व गिरणीकामगारांतही आहे. सैनिकाजवळ त्याहून निराळी गोष्ट असते, ती म्हणजे शिस्त. कामास लागण्यापूर्वी तो माणसे मोजतो व परतल्यावर पुन्हा मोजतो. तो एकट्याने जात नाही, जोडीने जातो. तो कोणास पाठवितो ते तिसऱ्यास सांगून पाठवितो. दरडीवर काम चालू असता एक माणूस वर उभा करून त्याच्या तोंडी शिटी देतो. ढिगाऱ्यापाशी मधून मधून सर्वांस गप्प करून कान देतो, कारण खाली अडकलेल्याचा क्षीण आवाज गोंगाटात विरून जातो. दोन बांबू व एक घोंगडी ह्यांचा तो डोला करतो. पाण्यात बुडणारा दिसला तर तो लगेच उडी घालीत नाही. आधी हात, मग काठी, मग दोर, मग होडी, आणि सर्वांत शेवटी पोहणे, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. ह्या गोष्टी ऐकावयास साध्या वाटतात, परंतु त्या ऐन वेळी सुचत नाहीत. त्या आधी हाडीमांसी खिळलेल्या असाव्या लागतात.

ही विद्या नागरी जीवनात आणण्याचे प्रयत्न आपल्या प्रांतात फार पूर्वी सुरू झाले. ६ डिसेंबर १९४६ रोजी तत्कालीन मुंबई प्रांतात होमगार्ड संघटना स्थापन झाली. मोरारजी देसाई त्या वेळी प्रांताचे गृहमंत्री होते. आपापला व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात कवायत करावयाची व प्रसंग पडला की पोलिसांस साहाय्य करावयाचे, अशी ही स्वयंसेवकांची फळी होती. मुंबईचा हा प्रयोग पुढे इतर राज्यांनी उचलला. १९४९ साली प्रादेशिक सेना उभी राहिली. २९ एप्रिल १९५७ रोजी नागपूर येथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, व तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय ह्या नावाने प्रसिद्धीस आली. १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला आणि २००९ च्या दुरुस्तीने युद्धाबरोबर नैसर्गिक आपत्तीही त्याच्या कक्षेत आली.

युद्धातून परतलेला सेनानी आपली विद्या कोठे लावू शकतो, ह्याचे एक तेजस्वी उदाहरण आपल्या कोकणानेच दिले आहे. सावंतवाडी संस्थानातील तिरोडे गावी जन्मलेले जगन्नाथराव भोसले हे नेताजी सुभाषचंद्र बोस ह्यांच्या आझाद हिंद सेनेत मेजर जनरलच्या हुद्द्यावर होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली ते रत्नागिरी भागातून लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणी ही पुराहून व भूकंपाहून मोठी आपत्ती होती. तीत लक्षावधी कुटुंबे घरादारास मुकली. दिल्लीतील निर्वासितांची मुले दिवसभर रस्त्यांवर भटकताना पाहून भोसल्यांनी १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली, आणि तिचा आरंभ कस्तुरबा निकेतन ह्या निर्वासितांच्या वसतिस्थानी झाला. व्यायाम, समूहगीत, कवायत व नागरिकधर्म ह्यांचे शिक्षण देऊन ज्या मुलांचे सर्वस्व गेले होते त्यांच्या अंगी पुन्हा ताठपणा आणण्याचा तो प्रयत्न होता. पुढे ही योजना देशातील अनेक शाळांत पोहोचली. १९६३ साली भोसले निवर्तले. रणात ज्याने सैन्य चालविले त्याने अनाथ पोरांची रांग धरली, ह्यात त्यास कमीपणा वाटला नाही. त्याच सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सेहगल ह्यांनी १९८४ च्या डिसेंबरात, वयाची सत्तरी गाठलेली असता, भोपाळच्या वायुग्रस्तांच्या शुश्रूषेसाठी वैद्यकीय पथक नेले, हेही येथे नमूद केले पाहिजे. सैनिकाची निवृत्ती ही वेतनपटावरची नोंद आहे. वृत्ती निवृत्त होत नाही.

१९६१ च्या पानशेत प्रलयाची आठवण वडीलधाऱ्या मंडळीस आहे. बांधकाम पूर्ण होण्याआधीच धरणात पाणी अडविण्यात आले. जुलैच्या मुसळधार पावसात भराव खचू लागला. ११ जुलै रोजी लष्करास पाचारण करण्यात आले. जवानांनी भर पावसात, अंधारात, खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचून पाणी वरून जाऊ नये म्हणून रात्रभर शर्थ केली. धरण वाचले नाही. १२ जुलै रोजी सकाळी सात-साडेसातच्या सुमारास ते फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचा बांधही गेला, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. परंतु तो लोंढा मध्यरात्री निजलेल्या शहरावर न येता दिवसाउजेडी आला. जी हजारो माणसे त्या दिवशी गच्च्यांवर, पर्वतीवर व उंच पेठांत पळून वाचली, त्यांचे प्राण त्या पोत्यांनी वाचविले, असे पुण्यात आजही मानले जाते. ह्या जवानांची नावे आपणांपैकी कोणासही ठाऊक नाहीत. जे काम अयशस्वी ठरले असे वरवर दिसते, त्या कामाने मिळविलेले काही तास हेच त्याचे यश होते. आपत्तीत वेळ मिळविणे म्हणजेच माणसे वाचविणे होय.

पुढे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरास भूकंप झाला व सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असता, लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे चार वाजण्याच्या सुमारास जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या रुंद भिंती व त्यांवरील माळवदाचा भार, ह्यांखाली झोपेतच माणसे चिरडली गेली. मृतांची शासकीय गणना आठ हजारांच्या जवळ गेली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मदत धावली, त्याचा आपणांस अभिमान आहे. पण ह्याबरोबरच हेही नमूद केले पाहिजे की, नुसते पाहावयास आलेल्यांच्या गर्दीने रस्ते तुंबले आणि कामास आलेल्यांची वाहने त्यांत अडकली. सद्भावनेस शिस्तीची जोड नसली म्हणजे ती ओझे होते.

ह्याहून कटू अनुभव ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे आला. कृष्णेच्या महापुरात वेढलेल्या त्या गावातून लोकांस बाहेर काढणारी गावचीच बोट क्षमतेहून अधिक माणसे घेतल्यामुळे उलटली आणि दहाहून अधिक जीव, त्यांत बायका व लेकरे, बुडून गेले. त्या बोटीतील कोणाचाही हेतू वाईट नव्हता. काठावर उभ्या असलेल्या भयभीत माणसांस ‘थांबा, पुढच्या खेपेस नेतो’ असे म्हणणे हे बोट वल्हविण्याहून कठीण असते. तो शब्द उच्चारण्यास व तो पाळला जाईल अशा स्वरात उच्चारण्यास सवय लागते. ज्याने पंधरा वर्षे हुकूम ऐकले व दिले, तो हा शब्द उच्चारू शकतो. त्याच महापुरात शिरोळ तालुका बुडाला होता, आणि सैनिक टाकळी त्याच तालुक्यात आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या मुलखात पूर वारंवार येतो आणि ज्या मुलखात घरटी शिपाई आहे, तो मुलूख एकच असता, ह्या दोन गोष्टींची गाठ पुराच्या आधीच बांधून ठेवणे हे कोणाचे तरी कर्तव्य आहे.

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ च्या अखेरीस आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा संमत झाला. २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले व त्याची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्य राखीव पोलीस दलातून राज्याचे स्वतंत्र दल निर्माण झाले. ‘आपदा मित्र’ ह्या योजनेने सामान्य नागरिकांस पूर, आग व इमारत कोसळणे ह्या प्रसंगी करावयाच्या कामाचे शिक्षण देण्यास आरंभ केला आहे, आणि तीत माजी सैनिकांस वयाच्या अटीत सूट ठेवली आहे. तरीही सुदुंबऱ्याहून निघालेली तुकडी आरेच्या टेकडीवरील पाड्यापाशी पोहोचावयास काही तास लागणारच. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली तेव्हा वाटा पाण्याखाली गेल्या होत्या. बाहेरची पथके पोहोचेपर्यंत आसपासच्या गावकऱ्यांनीच हातांनी माती उपसली. मग तो वेळ कोणी भरून काढावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयात नसून आपल्या चाळीत आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्याने तारुण्य देशास दिले त्याने म्हातारपणीही दोर घेऊन पाण्यात उतरावे अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. आक्षेप रास्त आहे, परंतु तो गैरसमजावर उभा आहे. पहिली गोष्ट, शिपाई म्हातारा होऊन घरी येत नाही. बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात. २०२२ पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तर चार वर्षांच्या सेवेनंतर एक चतुर्थांशापर्यंत तरुण कायम व्हावयाचे आणि उरलेले ऐन पंचविशीच्या आसपास घरी यावयाचे, अशी व्यवस्था आहे. दुसरी गोष्ट, साठी उलटलेल्या सुभेदाराने पाण्यात उतरावे असे आम्ही म्हणत नाही. त्याने काठावर उभे राहून कोणी उतरावे व कोणी उतरू नये हे सांगावे. ब्रह्मनाळच्या काठावर असा एक आवाज असता तर, हा विचार मनातून जात नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे काम ज्ञातिसंस्थेचे नव्हे. ज्ञातिसंस्थेने वधुवर मेळावे भरवावेत, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करावा व वार्षिक स्नेहसंमेलन घडवावे. ह्यावर आमचे उत्तर असे की, आपल्या संस्थांनी आजवर जे जे टिकाऊ काम केले ते याद्यांच्या जोरावर केले आहे. कोणाचा मुलगा कोठे शिकतो, कोणाची मुलगी उपवर आहे, कोणाच्या खोलीत गावाकडून आलेल्या उमेदवारास पथारी टाकता येईल, हे आपणांस तोंडपाठ असते. वधुवर सूचक मंडळाची वही दर वर्षी नवी होते. मग आपल्या वस्तीत माजी सैनिक किती, त्यांपैकी कोण सफरमैनेत होता, कोण शुश्रूषा पथकात होता, कोणास बिनतारी यंत्र चालविता येते, कोणास पोहता येते, ह्याची एक वही का असू नये? तिला पैका लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, होमगार्डचे कार्यालय व महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन विभाग ह्यांच्याशी पत्रव्यवहार करण्यास एक चिटणीस पुरे. आणि आपत्ती जात पाहत नाही, म्हणून ह्या वहीतील माणसे ज्याच्या दारी पाणी शिरेल त्याच्या दारी जातील, मग तो आपल्या ज्ञातीचा असो, पाड्यावरचा असो वा परप्रांतातून आलेला तबेल्यावरचा भैय्या असो. २६ जुलैच्या रात्री कोणी कोणाचे आडनाव विचारले नव्हते. ज्ञातिसंस्थेने सेवेची सुरुवात आपल्या घरापासून करावी. सेवेचा शेवट मात्र आपल्या घराशी करू नये.

आरे परिसरापुरते आणखी थोडे सांगितले पाहिजे. येथील धोके ठाऊक नसलेले नाहीत. विहार व पवईचे सांडवे केव्हा वाहू लागतात ते कळविले जाते. मिठीच्या काठची फिल्टरपाड्यासारखी वस्ती दर पावसाळ्यात सावध करावी लागते. डोंगरउतारावरील झोपड्यांस नोटिसा लागतात. गोरेगाव पूर्वेस राज्य राखीव पोलीस दलाचा आठवा गट आहे, म्हणजे कवायत जाणणारी माणसे हाकेच्या अंतरावर आहेत. माहिती आहे, माणसे आहेत, विद्या आहे. फक्त ह्या तिहींस जोडणारा दोर नाही. तो वळून ठेवण्याचे काम मे महिन्यात करावयाचे असते, जुलैत नव्हे. प्रत्येक गल्लीत दोन दोर, दोन शिट्या, चार विजेऱ्या व एक प्रथमोपचाराची पेटी. म्हातारी, आजारी व अपंग माणसे कोणत्या खोलीत आहेत त्याची यादी. पाणी चढू लागताच जमावयाची उंच जागा. आणि ज्याचे सर्वांनी ऐकावयाचे असे एक नाव. एवढे जरी आपल्या संस्थेच्या उपनगर शाखेने साधले तरी आमच्या मते ती ह्या वर्षाची सर्वांत मोठी कमाई ठरेल.

गावोगावी आपण स्मृतिशिला उभारल्या आहेत आणि त्यांवर मृतांची नावे कोरली आहेत. त्या शिलांपुढे मस्तक नमविणे हा आपला धर्म आहे. परंतु जिवंत शिपायाचा सन्मान फुलांच्या हाराने होत नाही. त्याच्या विद्येस काम देण्याने होतो. ज्यास समाज काम सांगतो त्यास समाजात आपली गरज आहे असे वाटते, आणि ही जाणीव पेन्शनीहून अधिक काळ माणसास उभे ठेवते. येत्या वार्षिक सभेपुढे अशी नोंदवही करण्याचा ठराव यावा, तरुणांनी वृद्ध सैनिकांच्या हाताखाली दोराची गाठ व डोल्याची बांधणी शिकावी, आणि भगिनींनीही प्रथमोपचाराच्या शिक्षणात मागे राहू नये, अशी आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे. पावसाळा कोणाच्या ठरावाची वाट पाहत नाही. इत्यलम्.